काचेत जपलेलं वय

एप्रिल १८७०. मॅरेथॉनची रणभूमी पाहून अथेन्सकडे परतणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ग्रीसमधल्या दरोडेखोरांनी वाटेत अडवलं. बायकामुलांना त्यांनी सोडून दिलं. लॉर्ड मंकास्टर यांना खंडणीची तजवीज करायला पाठवलं आणि चौघांना ओलीस ठेवलं. टोळीला पैशांबरोबर माफीही हवी होती. सरकार माफीला तयार होईना. लष्कराने पाठलाग सुरू केला आणि दिलेसी गावाजवळ चौघांचाही जीव गेला. त्यांतला फ्रेडरिक व्हाइनर २३ वर्षांचा होता आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात शिकलेला होता.

या कॉलेजचं चॅपल हेच ऑक्सफर्डचं कॅथीड्रल. तिथल्या एका पूर्वाभिमुख खिडकीत व्हाइनरचं स्मारक आहे, पण त्यात ग्रीस नाही, दरोडेखोर नाहीत, रक्ताचा थेंबही नाही. पानाफुलांच्या पार्श्वभूमीवर चार तरुण उभे आहेत: शमुवेल, दावीद, योहान आणि तीमथ्य. बायबलमधले हे चौघेही कोवळ्या वयात मोठ्या कामाला बोलावले गेलेले. मुलगा कसा मारला गेला हे काचेत मांडायचं नाही, तो कोणत्या वयाचा होता ते मांडायचं, हा त्या खिडकीमागचा विचार मला फार मोठा वाटतो.

१८७२-७३च्या सुमाराची ही खिडकी एडवर्ड बर्न-जोन्स यांनी रेखाटली आणि त्यांचे मित्र विल्यम मॉरिस यांच्या कारखान्यात ती घडली. दोघांची मैत्री ऑक्सफर्डमध्येच, विद्यार्थिदशेत जुळलेली. बर्न-जोन्स पूर्ण आकाराचं रेखाटन करत. रंग ठरवण्यात आणि शिशाच्या पट्ट्या कुठून न्यायच्या हे पाहण्यात मॉरिस यांचा मोठा वाटा असे. रंगीत काचेच्या या कलेत रंग मुख्यतः काचेच्या अंगातच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळलं की निळा, मँगनीजने जांभळा. चेहऱ्याच्या रेषा, केस, कपड्यांच्या चुण्या मात्र लोहाच्या ऑक्साइडच्या तपकिरी रंगाने रंगवून भट्टीत पक्क्या करतात. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून जोडतात. पट्टी चेहऱ्यावरून गेली तर चित्र बिघडतं, कपड्याच्या चुणीवरून गेली तर तीच रेषा चित्राला उठाव देते.

याच कॅथीड्रलमध्ये १८७८ची आणखी एक स्मारक-खिडकी आहे. कॉलेजचे आणि कॅथीड्रलचे प्रमुख डीन हेन्री लिडेल यांची मुलगी ईडिथ १८७६मध्ये, ऐन बाविशीत वारली. ‘ॲलिस इन वंडरलँड’मधल्या ॲलिसची ही धाकटी बहीण. तिच्या स्मरणार्थ बर्न-जोन्स यांनी संत कॅथरीन रेखाटली आणि तिला चेहरा ईडिथचा दिला. प्रार्थनेला येणाऱ्या आईवडिलांना संताच्या रूपात आपलीच लेक दिसत असणार. याहून जवळचं स्मारक कोणतं असेल?

व्हाइनरच्या घराचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. त्याची बहीण हेन्रिएटा ही लॉर्ड रिपन यांची पत्नी. भावाच्या स्मरणार्थ तिने आणि आईने यॉर्कशरमध्ये दोन चर्चही उभारली. पुढे १८८० ते १८८४ या काळात रिपन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. ज्या हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाबद्दलचं निवेदन ठेवलं, तो रिपन यांच्याच कारकिर्दीतला.

काचेतली आठवण पुसण्याचा प्रयत्नही याच वास्तूने पाहिला आहे. सुमारे १३२०च्या एका खिडकीत आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या हत्येचा प्रसंग आहे. राजसत्तेपुढे न झुकलेले हे धर्मगुरू आठव्या हेन्रीला खुपत होते. १५३८मध्ये त्याने त्यांच्या प्रतिमा हटवण्याचा हुकूम काढला. इथे पूर्ण खिडकी फोडण्याऐवजी फक्त चेहऱ्याचा तुकडा काढून त्या जागी साधी काच बसवली गेली. आज पाहणाऱ्याचं लक्ष आधी त्या कोऱ्या तुकड्याकडेच जातं.

ऑक्सफर्डला गेलात तर या खिडक्या सकाळच्या उन्हात पाहा आणि नुसत्या रंगांवर थांबू नका. स्मारक कुणाचं, ते उभारणाऱ्यांनी कोणता संत निवडला आणि काय दाखवायचं टाळलं, हे विचारा. मरणाची हकिगत वर्तमानपत्रांनी छापलेलीच असते. माणूस कसा आठवावा हे ठरवण्याचा हक्क त्याच्यावर माया करणाऱ्यांचा, आणि तो हक्क इथे त्यांनी पुरेपूर बजावला आहे.