संगणकाचें बिऱ्हाड

विरार स्टेशनच्या पश्चिमेस, आगाशीच्या वाटेवर, बोळिंज हें गांव लागतें. एके काळीं वाड्यांचें व बागायतीचें असलेलें हें गांव आतां वसई-विरार महानगरपालिकेचा भाग असून म्हाडाच्या उंच इमारतींमुळें तेथें नव्या बिऱ्हाडांची मोठी भर पडली आहे. बिऱ्हाड हलविण्याचा अनुभव तेथील पुष्कळ कुटुंबांस आहे. जुन्या खिडकीचे पडदे नव्या खिडकीस तोकडे पडतात, आणि जुडग्यांतील एखादी किल्ली कोणत्या कुलुपाची हें कोणासच आठवत नाहीं. संगणकाची कार्यप्रणाली बदलणें हा प्रकार बराचसा असाच आहे. आणि त्यांतहि खरी अडचण घराची नसते, कुलुपाची असते.

कार्यप्रणाली, म्हणजे जिला सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, यंत्र आणि माणूस यांच्यामधील कारभारीण होय. कळ दाबली असतां अक्षर पडद्यावर उमटविणें, कागदपत्रें जागच्या जागीं लावून ठेवणें, प्रिंटरला हुकूम देणें, हीं सर्व कामें तिचीं. घरगुती संगणकांवर बहुधा मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. २०१५ सालीं निघालेल्या तिच्या दहाव्या आवृत्तीची नित्याची देखभाल कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊं केल्या. अकरावी आवृत्ति घ्यावी, तर तिला टी.पी.एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय व बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळें धडधाकट चालणारीं कित्येक यंत्रें केवळ कारभारीण निवृत्त झाली म्हणून भंगारवाल्याच्या वाटेस लागण्याची वेळ आली.

अशा वेळीं मुक्त प्रणालीचा अभिमानी पुढें सरसावतो. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणासहि वाचतां, सुधारतां व वाटतां येईल तीच मुक्त, हें त्याचें तत्त्व. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहिला. या दोहोंच्या संयोगांतून डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट इत्यादि अनेक प्रणाली निघाल्या. त्यांचा गाभा एकच. मांडणी व शिस्त मात्र निरनिराळी. त्यामुळें अभिमानी मनुष्य या महिन्यांत उबुंटू, पुढच्या महिन्यांत मिंट, आणि सोसायटीचे हिशेब टॅलीत असल्यामुळें वर्षअखेरीस पुन्हां विंडोज, अशा येरझाऱ्या घालीत असतो. घरांतील माणसें त्यास हंसतात. वास्तविक या येरझाऱ्यांतूनच यंत्रांतील कोणती वस्तु आपली आणि कोणती उसनी आहे याचा उलगडा होतो. एकाच घरांत जन्म काढणाऱ्यास तो कधींच होत नाहीं.

प्रत्यक्ष स्थलांतराची कृति आतां कठीण राहिलेली नाहीं. नवी प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि तीवरूनच संगणक सुरू करून पाहावा. यंत्रांतील चकतीस हात न लावतां आवाज, वायफाय व प्रिंटर यांची परीक्षा होते. पसंत पडल्यास दोन्ही प्रणाली एकाच चकतीवर शेजारीं शेजारीं नांदूं शकतात. मात्र दोन शेजाऱ्यांचे कांहीं मजेदार तंटे होतात. विंडोज यंत्रांतील घड्याळ स्थानिक वेळेचें आहे असें धरून चालते. लिनक्स तेंच घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेचें मानते. भारताची वेळ त्या वेळेच्या साडेपांच तास पुढें. म्हणून लिनक्सवर काम करून मग विंडोज सुरू केली, तर सकाळच्या आठ वाजतां पडद्यावर पहाटेचे अडीच दिसतात. त्या घड्याळावर विसंबून चर्चगेटची गाडी धरूं पाहणाऱ्याची काय गत होईल तें विरारकरांस सांगावयास नको. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली कीं हा तंटा मिटतो. दुसरा तंटा असा कीं, विंडोजला लवकर सुरू होण्याची सवय लावलेली असल्यास ती पुरती बंद न होतां अर्धवट झोपते, आणि मग तिच्या खोलींतील कागद लिनक्सला वाचतां आले तरी त्यांवर लिहितां येत नाहीं. ती सवय मोडून टाकावी.

परंतु मराठी घरांत याहून मोठा प्रश्न अक्षरांचा आहे. समजा, घरांतील वडील मंडळींपैकीं कोणीं १९९८ च्या सुमारास गांवच्या वाड्या, विहिरी व बावखलें यांच्या आठवणी संगणकावर टंकून ठेविल्या. त्या काळीं श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट वापरीत. त्या पद्धतीचें मर्म असें कीं, इंग्रजी अक्षराच्या जागीं देवनागरीचें चित्र बसविलेलें असे. कृतिदेवांत ‘राम’ लिहिला म्हणजे फायलींत प्रत्यक्ष नोंद होई ती जे, के, ई या तीन रोमन अक्षरांची. त्यांवर फॉन्टाचा मुखवटा चढला कीं ‘राम’ दिसे. तो फॉन्ट नसलेल्या नव्या प्रणालींत फाईल उघडावी, तर आठवणींच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक रांग! कागद घरचे, मजकूर घरचा, पण वाचण्याचा परवाना दुसऱ्याच्या हातीं, अशी ही स्थिति.

युनिकोड या जागतिक संकेतानें हा प्रश्न मुळांतून सोडविला. १९९१ च्या त्याच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरीस स्वतःच्या जागा मिळाल्या. त्यांत ‘र’चा क्रमांक २३५२, कान्याचा २३६६ व ‘म’चा २३५० आहे, फॉन्ट कोणताहि असो, प्रणाली कोणतीहि असो, राम रामच राहतो. विंडोजमधील मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनीं रेखिला. तिकडे रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं लोहित हे फॉन्ट मुक्त केले, आणि तिच्या पुण्याच्या कार्यालयांतील मंडळींनीं ते पुढें सांभाळले. इन्स्क्रिप्ट हा कळफलक दोन्हीकडे सारखाच असल्यामुळें बोटांनाहि नवें कांहीं शिकावें लागत नाहीं. ज्यांस लिनक्स अगदींच अपरिचित आहे त्यांच्यासाठीं पवईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमाचे धडे मराठींतहि आहेत.

अक्षरांप्रमाणेंच कागदाच्या घडीचाहि संकेत असतो. लिब्रेऑफिस ज्या ओपन डॉक्युमेंट स्वरूपांत फाईल ठेवतें, त्याची रचना प्रसिद्ध असून २००६ पासून ती आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. जर्मनींतील म्यूनिच शहराच्या महापालिकेनें २००३ सालीं लिनक्सकडे जाण्याचें ठरविलें व २०१३ पर्यंत सुमारें १५,००० संगणक बदलले. २०१७ सालीं नगरपरिषदेनें पुन्हां विंडोजची वाट धरली, आणि २०२० मध्यें नव्या आघाडीनें शक्य तेथें मुक्त आज्ञावलींस प्राधान्य देण्याचें जाहीर केलें. एवढ्या मोठ्या संस्थेचेंहि मन दोन तपांत तीनदां बदललें, मग बोळिंजच्या एखाद्या हौशी तरुणास दोष कशाला द्यावयाचा?

सबब, प्रणाली बदलण्यापूर्वीं जुन्या मराठी फायली युनिकोडमध्यें उतरवून घेणें हें पहिलें काम होय. त्यासाठीं परिवर्तक मिळतात. तथापि त्यांचेवर आंधळा विश्वास टाकूं नये. रफार व अर्धा र या ठिकाणीं ते विशेष चुकतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. अर्नाळ्याच्या आठवणींत दर्याच्या दऱ्या झाल्या तर भूगोलच बदलावयाचा. म्हणून जुन्या प्रणालींत मूळ मजकूर कागदावर छापून घ्यावा, आणि ज्यांनीं तो लिहिला त्यांच्याच समोर बसून नव्या प्रतीशीं ओळीनें ओळ ताडून पाहावा. हें काम एका बैठकीचें नव्हे. तें पुरें होईतोंपर्यंत जुनी विंडोज तिच्या फॉन्टांसह चकतीच्या एका भागांत राहूं द्यावी. देखभाल संपल्यावर मात्र तिला इंटरनेटची जोडणी देऊं नये.