जड पाणी

साबण कितीही चोळला तरी फेस धरत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि बंबाच्या आत पांढरी पुटे चढतात, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. दोष साबणाचा नव्हे, डाळीचाही नव्हे. तो पाण्याचा आहे. अशा पाण्याला रसायनशास्त्र दुष्फेन म्हणते. आपण त्याला जड म्हणतो.

हा जडपणा येतो कोठून? कल्याणहून नगरकडे जाताना जुन्नर तालुक्याच्या पूर्वेस आणे घाट लागतो. तेथे गुळुंचवाडीजवळ ओढ्याने काळा कातळ पोखरून नैसर्गिक पूल कोरला आहे. पाणी खडक झिजविते, याचे हे डोळ्यांना दिसणारे उदाहरण. परंतु त्याच कातळात एक अदृश्य झीजही चालू असते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते आणि खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपाने विहिरीत आणते. आण्याच्या पठारासारख्या कमी पावसाच्या मुलखात भिस्त अशा भूजलावरच असते.

पाणी तापले की तो वायू निघून जातो आणि विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. कोरड्या प्रदेशातील काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडेही त्याच पदार्थाचे. पूर्वी असले खडे भट्टीत भाजून बांधकामाचा चुना करीत. तेव्हा बंबातील पुटे आणि जुन्या वाड्याच्या भिंतीतील चुना ही एकाच कुळातली!

या चुन्याची किंमत गृहिणीस मोजावी लागते. पाण्यातील १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमागे सुमारे ६ ग्रॅम साबण फेस न होता चिकट साक्याच्या रूपाने वाया जातो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा असला, तर १०० लिटर पाणी सुमारे १८० ग्रॅम साबण गिळते! कॅल्शियम डाळीतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतो, म्हणून ती शिजत नाही. आणि पुटांतून उष्णता नीट जात नसल्याने इंधन अधिक जळते.

उपाय काय? बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने जातो. पाणी निवू द्यावे आणि वरचे निवळ घ्यावे. थॉमस क्लार्क याने तर १८४१ साली पाण्यात चुन्याची निवळी मोजून घालून चुनाच खाली बसविण्याची युक्ती काढली. सल्फेट व क्लोराइड यांचा जडपणा मात्र उकळून जात नाही. त्यासाठी कपड्यांच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालावा. बसलेली पुटे लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने सुटतात.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा इष्ट. दुसरे पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालतो. म्हणजे जड पाणी हे विष नव्हे. गंमत अशी की, आपल्या दख्खनच्या याच खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची स्फटिके सापडतात, आणि त्या जातीचे पदार्थ पाण्यातील कॅल्शियम घेऊन त्याच्या बदली सोडियम देतात; पाणी मृदू करण्याच्या यंत्रांमागचे तत्त्व हेच. जो खडक पाणी जड करतो, त्याच्याच पोटात त्यावरचा उतारा आहे.