जाळायच्या इमारतीची निगा

भिंत आधी वाजवून बघायची. त्यासाठी लहान हातोडी पुरते, जोर लागत नाही, कान लागतो. वीत-वीत अंतरावर टकटक करत पुढे सरकायचं. काँक्रीट धड असेल तर आवाज खणखणीत येतो आणि आतून सुटलं असेल तर बद्द. माठ विकत घेताना बोटाने वाजवून बघतात, तसंच हे. बद्द वाजलेल्या जागेभोवती खडूने गोल काढायचा आणि मिस्त्रीला सांगायचं, एवढं फोडून काढ. न फोडता राहिलं तर पुढच्या आगीत तो तुकडा आपोआप सुटणार, तोही खाली कुणी गुडघ्यावर बसलेलं असताना.

ही खोली जाळण्यासाठीच बांधलेली आहे. गोरेगाव पूर्वेला, महामार्गाच्या डोंगराकडच्या अंगाला एक लहानसं अग्निशमन प्रशिक्षण आवार आहे, तिथली स्थापत्य देखभाल माझ्याकडे आहे. कालिन्याची महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी किंवा नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय (1956 साली रामपूरला सुरू झालं, वर्षभरात नागपूरला आलं) यांच्यापुढे आमचं आवार म्हणजे अंगणच. पण त्यात लागणारं सगळं आहे: शिडीच्या सरावाचा मनोरा, जळणाची खोली, धुराची खोली, पाण्याची टाकी, तेल पेटवायचे लोखंडी ट्रे आणि मधे मोकळं मैदान. कंपन्यांची माणसं, इमारतींचे सुरक्षारक्षक, नोकरीच्या आशेने आलेली पोरं असे सगळे इथे शिकतात.

याआधी मी सोसायट्यांची कामं करत होतो. तिथे इमारत नवी दिसली की सगळे खूश. इथल्या इमारतीला रोज मार खायचा असतो, आणि तो मार तिने नीट खावा हे बघणं माझं काम. कुठली मोडतोड राहू द्यायची आणि कुठली त्याच दिवशी काढायची, हे ओळखण्यातच निम्मा पगार आहे.

जळणाच्या खोलीला आतून अग्निविटांचं अस्तर आहे. विटा फायरक्लेमध्ये बसवलेल्या, कारण साधा सिमेंटचा सांधा या उष्णतेत भुसभुशीत होऊन गळतो. सांधा जितका पातळ तितका चांगला. बाहेरून आलेल्या मिस्त्रीला हे पटायला वेळ लागतो, त्याचा हात अर्ध्या इंचाच्या सांध्याला बसलेला असतो. त्याहून कठीण म्हणजे प्रसरणाची फट. विटा तापल्या की वाढतात, त्यांना सरकायला जागा हवी म्हणून कोपऱ्यात मुद्दाम फट सोडलेली असते. मोकळी फट दिसली की कुठल्याही चांगल्या मिस्त्रीचा हात शिवशिवतो. त्याने ती प्रेमाने भरून, थापीने गुळगुळीत करून दिली, की पुढच्या दोन-चार आगींत विटांनी एकमेकींना ढकलून अस्तर पोटाशी फुगलंच समजा.

काँक्रीटला तीनशे अंशांपर्यंत फारसं काही होत नाही, त्यापुढे मात्र त्याची ताकद घटत जाते. पुस्तकात लिहिलंय की भाजलेलं काँक्रीट गुलाबी पडतं, त्यावरून ते किती तापलं ते कळतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खडीत तो गुलाबी रंग तितका उठून दिसत नाही, म्हणून रंगापेक्षा हातोडीवर भरवसा. लोखंडाचं वेगळं. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते, आणि आगीत तेवढी उष्णता सहज होते. त्यामुळे छतातली सळई उघडी पडली की आमच्याकडे ती किरकोळ बाब राहत नाही, त्या दिवसापासून खोली बंद.

आणि पाऊस. जुलैत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला जातो, आमच्याकडे डोंगराला टेकून तो काही कमी पडत नाही. भिंती पाणी पितात. भिजलेल्या काँक्रीटला एकदम मोठी आग दिली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पृष्ठभागाचे पापुद्रे फटाक्यासारखे आवाज करत उडतात. म्हणून पावसाळ्यात पहिली आग लहान ठेवायची, खोली शेकून कोरडी करायची आणि मग वर्ग घ्यायचा. शिकवणाऱ्या साहेबांना घाई असते, बाहेर तीस पोरं गणवेश घालून उभी असतात. अशा वेळी ‘अजून अर्धा तास द्या’ म्हणणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डरला 1982 साली आगीच्या सरावातच दोन अग्निशामक मरण पावले. त्यानंतर तिथे अशा सरावासाठी स्वतंत्र मानक तयार झालं, 1986 मध्ये ते पहिल्यांदा निघालं. सरावाआधी दर वेळी इमारत नजरेखालून घालायची, हे त्यातलं मला सगळ्यात कामाचं वाटतं. जळण कुठलं वापरायचं तेही त्यात सांगितलं आहे: साधं कोरडं लाकूड, गवताचा पेंढा. रंगवलेला प्लायवूड, टायर, जुनी गादी काही चालत नाही, कारण त्यांचा धूर काय करेल सांगता येत नाही. आमच्या फाटकाशी लोक जुने सोफे आणून टाकतात. ‘तुम्हाला जाळायलाच लागतं ना?’ असं वर विचारतात.

मनोऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे आग नसते, हुक लॅडर असते. चार मीटरच्या आसपास लांबीची शिडी, तिच्या टोकाला दात असलेला लांब लोखंडी आकडा. खाली उभं राहून वरच्या मजल्याच्या खिडकीत तो अडकवायचा, शिडीवरून चढायचं, खिडकीच्या उंबऱ्यावर एक पाय टाकून बसायचं, शिडी वर ओढून पुढच्या खिडकीत लावायची. खरं सांगायचं तर आजच्या मुंबईत या शिडीने कुणाला सोडवायची वेळ क्वचितच येते, उंच इमारतींसाठी गाड्यांवरच्या शिड्या आहेत. पण उंचीची भीती मोडायला तिच्यासारखं दुसरं काही नाही, असं साहेबांचं म्हणणं. हे मला बघून पटलं आहे. तिसऱ्या खिडकीत पोचलेल्या पोराचा चेहरा खाली आल्यावर वेगळाच असतो.

माझा संबंध उंबऱ्याशी. आकड्याचे दात कशात तरी रुतायला हवेत, म्हणून उंबऱ्यावर सागाची फळी बसवलेली आहे. रोज दात रुतून तिच्यावर खाचा पडतात. बोट फिरवलं तर कळतं की बहुतेक खाचा एकाच पट्ट्यात, मध्यापासून थोड्या उजवीकडे आहेत, कारण बहुतेकांचा हात उजवा. या खाचा भरायच्या नसतात. नवी रंधा मारलेली फळी लावली तर आकडा तिच्यावरून घसरतो, जुनी फार चावलेली ठेवली तर कडेचा तुकडाच निघून येतो. या दोन टोकांच्या मधली फळी हवी. पावसाळ्यानंतर मी टोच्याने तिची खालची बाजू टोचून बघतो. पाणी मुरतं ते तिथून, आणि वरून ठणठणीत दिसणारी फळी खालून पिठासारखी झालेली असते. सुतार म्हणतो, ‘साहेब, वरून पॉलिश मारून देऊ का?’ त्याला मी हात जोडतो.

धुराच्या खोलीत तर आमचं आणि प्रशिक्षकांचं रीतसर भांडण झालं. आत प्लायवूडच्या पडद्या घालून वळणावळणाची वाट केली आहे, मधे एक बुटकं भुयार, एका ठिकाणी लोंबत्या वायरी. यंत्राने कृत्रिम धूर सोडायचा आणि पोरांनी भिंतीला हात लावत, सरपटत बाहेर यायचं. दुसऱ्या वळणावरचा दरवाजा फुगून जमिनीला घासत होता. मी सुताराला घेऊन गेलो, तर साहेब आडवे.

‘त्याला हात लावू नका.’

‘अहो, तो अर्धवट उघडतो.’

‘लोकांच्या घरचे दरवाजे कसे उघडतात?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर जिन्याने वर चढला. किमान सात माणसं गेली. आमच्याकडची कितीतरी पोरं त्याच भागातली, त्या रस्त्याने रोज जाणारी. त्यांना अडणारा दरवाजा, अडगळ पडलेला जिना हे सगळं धुरात हाताने ओळखता आलं पाहिजे. तेव्हा तो दरवाजा घासतो आहे आणि घासतच राहणार. पण त्याच पडदीतून एक खिळा अर्धा इंच बाहेर आला होता, तो मी त्याच दिवशी ठोकला. बाहेर पडायचे आपत्कालीन दरवाजे मात्र लोण्यासारखे उघडलेच पाहिजेत, त्यांच्या बिजागऱ्यांना दर आठवड्याला तेल, कडीला कुलूप अजिबात नाही. खोटी अडचण जपायची आणि खरी काढायची, या वाटणीवर आता आमचं एकमत आहे. अडचण कुठली खोटी आणि कुठली खरी, यावर अजून नाही.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इथली मोठी डोकेदुखी आग. आमची डोकेदुखी पाणी. वीस मिलिमीटरच्या नोझलमधून पाच बार दाबाने मिनिटाला सुमारे सहाशे लिटर पाणी निघतं. असे चार होज एकदम सुरू केले की दहा मिनिटांत चोवीस हजार लिटर मैदानावर. ते सोडून देणं परवडत नाही, उन्हाळ्यात तर टँकरवाल्याकडे तोंड वेंगाडावं लागतं. म्हणून मैदानाला उतार दिलेला आहे, कडेने गटार, गटारातून गाळाचे चेंबर आणि तिथून पुन्हा टाकीत. उतार डोळ्यांना दिसत नाही, बादलीभर पाणी ओतून बघावा लागतो. जिथे पाणी थबकतं तिथे फरशी खचलेली असते आणि पळत येणारं पोर नेमकं तिथेच घसरतं. चेंबरमधला गाळ वेळेवर काढला नाही तर तो टाकीच्या तळाशी जमतो, पंपाची सक्शनची जाळी त्यात बसते आणि पाणी ओढायच्या सरावात पंप नुसता गुरगुरतो. मग सगळे पंपाला शिव्या घालतात.

उघडी टाकी म्हणजे डासांचा प्रश्नही आलाच. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं नोटीस द्यायला मागेपुढे बघत नाहीत. टाकीत गप्पी मासे सोडलेले आहेत. ते अळ्या खातात, आणि सरावाच्या वेळी जाळीच्या आसपास जाऊन माझा जीव खातात.

फोमचं पाणी मात्र टाकीत जाऊ द्यायचं नाही, नाल्यातही नाही. तेलाच्या ट्रेवर फोम मारला की तेल, काजळी आणि फेस असं मिश्रण उरतं. त्याचा वेगळा निचरा, वेगळी टाकी, ती भरली की उचलून नेणारी वेगळी गाडी. ओशिवरा नदी आरेत उगम पावते आणि गोरेगावातून मालाडच्या खाडीकडे जाते, आमचा नाला तिलाच मिळतो. फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं वर्षानुवर्षं मोडत नाहीत, माती-पाण्यात तशीच राहतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातलं फिस्कव्हिलचं अग्निशमन प्रशिक्षण महाविद्यालय प्रदूषणामुळे 2015 मध्ये कायमचं बंद करावं लागलं. हे मी व्यवस्थापनाला सांगितलं तेव्हा वेगळ्या टाकीचं अंदाजपत्रक मंजूर झालं. नदीचं नाव घेऊन झालं नसतं.

पावसाळा सरला की गवत. आरेच्या बाजूला ऑक्टोबरात माणूसभर वाढतं आणि नोव्हेंबरात वाळून काडी होतं. डिसेंबर 2018 मध्ये जनरल ए. के. वैद्य मार्गाजवळच्या डोंगराला मोठी आग लागली होती, रात्रभर दिसत होती. अग्निशमन शिकवणाऱ्या आवाराचं स्वतःचं गवत पेटलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून माळीकाका दिवाळीआधीच कुंपणालगतचा पट्टा साफ करतात. काठी आपटत, मोठ्याने बोलत कापतात. सापांसाठी म्हणतात, पण बिबट्याचंही मनात असतंच. मनोऱ्याजवळच्या गुलमोहराची फांदी छाटायची तर महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, 1975 चा कायदा आहे. तो अर्ज मार्चमध्ये टाकायचा, मे महिन्यात आठवण झाली तर उपयोग नाही.

एप्रिलमध्ये सगळं आवार रंगतं. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह असतो. पाहुणे येतात, संचलन होतं. मनोरा लाल-पांढरा, कुंड्या गेरूच्या, दगडांना चुना. हे सगळं व्हावं, माझी ना नाही. फक्त रंगाचा डबा जळणाच्या खोलीकडे वळला की मी मधे उभा राहतो. रंगाखाली भेग लपते आणि रंग स्वतःही जळून धूर करतो. दर वर्षी कुणीतरी विचारतं, ही एकच खोली अशी काळी का ठेवली आहे.

हिशेबाचं मात्र अजून जुळलेलं नाही. अग्निविटांचं बिल गेलं की लेखा विभागातून ठरलेली शंका येते: नुकसान कशामुळे झालं, जबाबदार कोण, वसुली प्रस्तावित आहे काय. पहिल्या रकान्यात मी ‘आगीमुळे’ लिहितो. दुसऱ्यात प्रशिक्षण वर्गाचा क्रमांक. तिसऱ्यात ‘नाही’. मग फाइल परत येते, कारण आगीमुळे नुकसान असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल जोडावा लागतो.