केसापुढे पोलाद

सलूनच्या खुर्चीत मान मागे टेकली की आधी कागदाची चुरचुर ऐकू येते आणि पाठोपाठ बारीकसा ‘टक्’. काकांनी दुधारी ब्लेड कागदासकट चिमटीत वाकवून मधोमध मोडलेलं असतं. एक अर्धं मुठीच्या खाचेत बसतं, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला राहतं. हे हत्यार वस्तऱ्यासारखंच दुमडतं आणि सगळे त्याला वस्तराच म्हणतात. खरा वस्तरा, काकांच्या वडिलांचा, आरशाखालच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवलेला आहे.

काम दोघांचंही एकच. मग एकाला रोज पट्ट्यावर परजायचं आणि दुसऱ्याला मोडून फेकून द्यायचं, असं का? या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि पोचलो ते थेट केसापाशी.

केस पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असतो. दाढीचा एक केस जाडीला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. असं असून थोड्याच दाढ्यांत ब्लेड ओढायला लागतं. धार घासून हळूहळू गोल होत असावी, असं आपण सहज धरून चालतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जियानलुका रोशोली या संशोधकाने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी ते ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिलं. धार फारशी झिजलेली नव्हती, तिचे टवके उडाले होते! मग जेम तासान यांच्या प्रयोगशाळेत त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आतच मावेल असं छोटं यंत्र बसवलं आणि केस कापला जाताना पोलादाचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं. हे संशोधन 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं.

घडतं ते असं. केस मुळाशी घट्ट असतो, वरून मोकळा. ब्लेड टेकलं की तो वाकतो आणि धारेला तिरका भिडतो. इकडे पोलाद आपल्याला एकजीव वाटतं, पण आतून ते तसं नसतं. कुठे कडक कण दाटलेले, कुठे जरा मऊ जागा. वाकलेल्या केसाची कड नेमकी अशा कच्च्या जागेपाशी आली की सगळा ताण तिथे एकवटतो आणि टवका उडतो. केस ताठ उभा असेल आणि धार त्याला सरळ आडवी भेटली तर काही होत नाही. सगळं त्या वाकण्यात आहे. एवढ्या मऊ वस्तूने एवढ्या कठीण वस्तूचा तुकडा पाडावा, याचं मला वाचल्या दिवसापासून नवल वाटतं आहे.

म्हणजे दाढी करणारी कुठलीही धार मरणारच. वस्तरा आणि ब्लेड ही त्या मरणाला माणसाने दिलेली दोन उत्तरं आहेत.

वस्तऱ्याचं उत्तर: धार पुन्हा जिवंत करा. आणि त्यासाठी त्याच्या अंगातच केवढी हुशारी भरली आहे! स्वयंपाकघरातली सुरी दगडावर घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. तो दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाठीची जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास, पात्याची रुंदी सोळाच्या आसपास. त्या दोन मापांतून धारेचा सुमारे 18 अंशांचा कोन आपोआप ठरतो. घासता घासता पाठही झिजते, धारही झिजते आणि कोन जवळपास तोच राहतो. मोजपट्टी हत्याराच्या आतच आहे. पाठ आणि धार यांच्या मधला भाग दोन्ही अंगांनी खोल कोरून काढतात, म्हणून पाठ सोडली तर दगडाला लागते ती फक्त धारेची बारीक कड. चांगला वस्तरा नखाने टिचकला तर गुंजतो.

दगड मात्र कधीतरीच. रोज लागतो तो चामड्याचा पट्टा. त्यावर वस्तरा पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा. उलटताना धार वर उचलायची आणि पाठीवरच कूस बदलायची. चुकलं तर पट्टा चिरतो. कालच्या दाढीत धारेची कड जिथे वाकली असेल तिथे चामडं तिला सरळ करतं आणि घासून चकचकीत करतं. हा हात बसायला महिनोन् महिने जायचे. म्हणून ज्याच्याकडे धार राखण्याची विद्या त्याच्यापुढे गावाने मान टेकवायची, हे शब्दशः खरं होतं. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच तो खाली ठेवला.

या धारेच्या ओढीने मोठमोठी माणसं भट्टीपाशी बसली आहेत. विजेचा अभ्यास करणाऱ्या मायकेल फॅरेडेने त्याआधी जेम्स स्टोडार्ट या हत्यारं घडवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग केले होते. दक्षिण भारतातून जाणारं वुट्झ पोलाद एवढं चिवट आणि धारदार का, हे त्यांना उलगडायचं होतं. त्या प्रयोगांतल्या मिश्र पोलादाचे वस्तरे करून फॅरेडेने मित्रांना भेट दिले.

दुसरं उत्तर 1895 मध्ये अमेरिकेतल्या एका फिरत्या विक्रेत्याला सुचलं. किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीत होता. बुचाचा संशोधक विल्यम पेंटर त्याला म्हणे, लोक एकदा वापरतील, फेकतील आणि पुन्हा घ्यायला येतील असं काहीतरी शोध. एका सकाळी वस्तरा बोथट निघाला आणि जिलेटच्या लक्षात आलं की दाढीला लागते ती फक्त कड, बाकीचं पोलाद नुसतं तिला धरून ठेवतं. मग कडच तेवढी विकावी! सुचायला एक सकाळ लागली आणि करायला सहा-सात वर्षं, कारण कागदासारखा पातळ पत्रा तापवून कडक करायला गेलं की तो वेडावाकडा होतो. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते कोडं सोडवलं. 1903 मध्ये विकले गेले 51 रेझर आणि 168 ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांवर गेला.

आता यातली गंमत पाहा. ब्लेड मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे दाढीच्या केसाएवढंच जाड. ते केसासमोर लवत कसं नाही? एक पोस्टकार्ड आडवं धरा, त्याचं टोक खाली झुकतं. आता तेच लांबीच्या दिशेने पन्हळीसारखं किंचित वाकवून धरा, टोक ताठ राहतं. रेझरचं टोपण घुमटासारखं असतं ते याचसाठी. मूठ पिळली की ब्लेड त्या घुमटावर वाकतं आणि वाकल्यामुळे ताठ होतं. वस्तऱ्याने जे काम जाड पाठीकडून करून घेतलं, ते इथे नुसत्या वाकवण्यावर भागलं. मला ही युक्ती जिलेटच्या सगळ्या व्यापारापेक्षा मोठी वाटते.

काकांचं अर्धं ब्लेड या दोघांच्या मधलं आहे. ते वाकवलेलं नाही आणि त्याला जाड पाठही नाही. खाचेने ते धारेच्या अगदी जवळ आवळून धरलेलं असतं, म्हणून लवत नाही. वजनाने हलकं, त्यामुळे हाताला जोर मोजून द्यावा लागतो. वस्तरा स्वतःच्या वजनाने सरकतो. शिवाय मोडलेल्या ब्लेडचे कोपरे टोकदार, हनुवटीच्या वळणावर ते पहिले बोचतात. तरी सलूनसाठी हेच बरोबर, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकच वस्तरा दिवसभर साऱ्या गावाच्या गालांवरून फिरणं म्हणजे कावीळ ब आणि एचआयव्ही यांना उघडं दार. तुरटीने रक्त थांबतं, विषाणू थांबत नाही.

फेकण्याची मात्र किंमत असते. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या भिंतीला एक बारीक फट असे, वापरलेली ब्लेडं त्यात टाकायची. ती भिंतीच्या पोकळीत साठत राहत. आजही दुरुस्तीसाठी भिंत फोडली की गंजलेल्या ब्लेडांची रास बाहेर पडते. आपल्याकडे ब्लेड सहसा असं थेट भिंतीत गेलं नाही. आधी त्याने पेन्सिलीला टोक काढलं, आईच्या शिवणाच्या डब्यात टाके उसवले.

आणि पट्टा? तोही गेलेला नाही. ब्लेडच्या कारखान्यात पोलादाची लांब फीत दगडी चाकांमधून धार घेत पळते आणि शेवटी चामड्याच्या चाकांवरून जाते. काकांच्या वडिलांनी रोज सकाळी हाताने केलेलं काम तिथे यंत्र करतं. पुढे त्या धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा आणि त्यावर टेफ्लॉनचा थर चढतो.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा काका ओला टॉवेल माझ्या गालांवर दाबत होते. ते दोन-तीन मिनिटं दाबूनच ठेवतात. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ पडतो आणि धारेशी कमी भांडतो. वस्तरा असो की ब्लेड, ही पायरी दोघांनाही चुकलेली नाही.

दाढी झाल्यावर मी खणाकडे बोट दाखवलं. “काका, अजून चालतो का हो तो?”

त्यांनी फडकं सोडलं, तेलाचा हात पुसला, भिंतीवरचा पट्टा डाव्या हाताने ताणला. दहा-बारा वेळा वस्तरा वर-खाली गेला, पाठीवर कूस बदलत, एकदाही चामड्याला न चिरता. मग खांद्यावरच्या कापडावर पडलेला माझा एक लांब केस त्यांनी उचलला आणि चिमटीत लोंबता धरला. दुसऱ्या हाताने वस्तरा आडवा आणून त्याला अलगद टेकवला.

खालचा तुकडा जमिनीवर पडला. वरचा हललासुद्धा नाही.