पाणी नको, वारा हवा!

मुलांनो, साध्या मोटरसायकलचं इंजिन कधी निरखून पाहिलंय? त्याच्याभोवती धातूच्या पातळ पात्या ओळीनं असतात. त्या शोभेच्या नाहीत बरं का! इंजिनाची उष्णता या पात्यांमध्ये पसरते आणि वारा ती उडवून नेतो. रेडिएटर नाही, पाणी नाही.

असं इंजिन शर्यतीच्या गाडीत चालेल? अहो, चाललं की! जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या 917 गाडीसाठी हान्स मेत्सगर यांनी तब्बल 12 सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं इंजिन घडवलं. 1970 साली फ्रान्समधली ल मान्सची शर्यत याच गाडीनं जिंकली. ही शर्यत अखंड 24 तास चालते!

आता विचार करा. सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो, तेव्हा आतला वायू क्षणभर 2000 अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. ॲल्युमिनियम तर 660 अंशांनाच वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधी नरम पडू लागतं. म्हणून धातूत उष्णता साचायच्या आत ती बाहेर काढावी लागते. 917 च्या इंजिनावर त्यासाठी एक भलामोठा पंखा आडवा बसवला होता. इंजिन पूर्ण जोरात असलं, की तो सेकंदाला सुमारे 2400 लिटर हवा खाली ढकलायचा. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भरून वर उरेल एवढी, एका सेकंदात!

पण एकट्या वाऱ्याचं हे काम नाही. इंजिन ऑइल आत फिरताना वंगण करतं, शिवाय उष्णता गोळा करून ऑइल कूलरमध्ये सोडतं. म्हणून अशा गाडीच्या चालकाची नजर ऑइलच्या काट्यावर असते. साधारण 80 ते 110 अंश म्हणजे झकास. काटा 130 कडे झुकला, की धोका. तेल फार पातळ होतं, धातूवर धातू घासतो. पिस्टन फुगून अडकला, की मेकॅनिक म्हणतात, "इंजिन सीझ झालं!"

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ऐका : इंजिन फार थंड असलेलंही चालत नाही! गार तेल घट्ट असतं, ते सगळीकडे लवकर पोहोचत नाही. म्हणून आधी इंजिन बेतानं गरम करायचं, मगच दामटायचं.

शर्यत संपली तरी लगेच चावी फिरवायची नाही. हा पंखा इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद, की पंखाही बंद, पण धातू अजून तापलेलाच! म्हणून चालक एक फेरी सावकाश मारतात.