मक्याचें कणीस आणि पावसाची वेळ

श्रावणांत निखाऱ्यावर भाजलेलें मक्याचें कणीस हातीं घेतलें असतां कित्येकदां त्याचा शेंड्याकडील भाग दाण्यांवांचून रिकामा दिसतो. विकत घेणारा त्याबद्दल कुरकुरतो. परंतु त्या रिकामेपणाचें कारण बहुधा पावसांत सांपडतें.

मक्याच्या ताटावर नर व मादी फुलें निरनिराळ्या जागीं येतात. माथ्यावरील तुरा परागकण देतो; कणसांतून बाहेर पडणारा रेशमी झुबका म्हणजे मादी फुलांचे तंतू. प्रत्येक तंतूच्या मुळाशीं एकेका भावी दाण्याची जागा असते. तंतूवर पराग पडला तरच तेथें दाणा भरतो. परंतु तंतू वाढण्यास पाणी लागतें. त्या दिवसांत पावसानें ओढ दिली, तर तुरा साधारण आठवडाभरांत आपला पराग उधळून मोकळा होतो आणि तंतू मागाहून बाहेर पडतात. शेंड्याकडील तंतू सर्वांत शेवटीं येत असल्यामुळें पहिली झळ त्यांनाच लागते.

मग पुष्कळ पाऊस म्हणजे पुष्कळ पीक, असें समजावें काय? तसेंहि नाहीं. कोंवळ्या रोपाचा वाढता कोंब कांहीं आठवडे जमिनीच्या आंतच असतो. शेतांत दोन-चार दिवस पाणी तुंबलें, तर मुळांना हवा मिळत नाहीं व रोप गुदमरतें. शिवाय जमिनींतील नत्र पाण्याबरोबर झिरपून अथवा वायुरूपानें निघून जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या दोन्ही गोष्टींचा अनुभव आला. तेथें १९८७ सालीं मक्याचें सरासरी उत्पन्न एकरीं सुमारें ३,००० किलो होतें. १९८८ च्या अवर्षणांत तें २,१५० किलोंवर उतरलें. पुढें १९९२ सालीं सुमारें ३,३०० किलोंवर गेलेलें उत्पन्न मिसिसिपी नदीच्या महापुराच्या वर्षीं, १९९३ सालीं, २,५५० किलोंवर आलें. एकदां तहानेनें आणि एकदां अतिवृष्टीनें पीक बुडालें.

महाराष्ट्रांत जून-जुलैमध्यें पेरलेला खरिपाचा मका साधारणतः ऑगस्टच्या सुमारास तुऱ्यावर येतो, आणि त्याच महिन्यांत पावसाची उघडीप पडण्याचा संभव असतो. अशा वेळीं विहिरीचें किंवा शेततळ्याचें एक पाणी मिळालें, तरी कणसें भरण्यास मोठें साह्य होतें. आणि सरी-वरंबे करून जादा पाण्यास वाट ठेविली, तर रोपें वांचतात. म्हणूनच वर्षाच्या पावसाची नुसती बेरीज पाहून पिकाचा अंदाज बांधणें फसवें ठरतें. पाऊस किती पडला याहून तो केव्हां पडला, हें शेतकरी प्रथम विचारतो, तें याच कारणानें.