व्हेपची कॉइल घरी वळताना

या विभागात रक्तदाब, मधुमेह, पेन्शन अशा विषयांवर जाणकार मंडळी लिहीत असतात. मी डॉक्टर नाही. शिक्षणाने इंजिनिअर आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला. सिगारेट सोडण्यासाठी आपल्यापैकी बरेचजण व्हेपकडे वळले आहेत, मीही त्यांतलाच. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. तेव्हापासून स्वतः कॉइल बसवायच्या अॅटोमायझरबद्दल मला वारंवार विचारणा होते. म्हणून हे चार शब्द.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. इथल्या आरोग्य सेवेच्या मते व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, पण निर्धोक नाही. निकोटिनचे व्यसन राहतेच. जे सिगारेट ओढत नाहीत त्यांनी, आणि मुलांनी तर मुळीच, याच्या वाटेला जाऊ नये.

अॅटोमायझरची रचना निरांजनासारखी आहे. तारेचे वेटोळे, त्यातून ओवलेली कापसाची वात आणि वातीची टोके द्रवात बुडालेली. तार तापली की द्रवाची वाफ होते. नवशिक्याने २६ गेजची कँथल तार घ्यावी, ३ मिलिमीटर जाडीच्या दांडीवर सहा वेढे द्यावेत. रोध साधारण ०.८ ओहम येतो. स्क्रू घट्ट करून जास्तीची टोके कापावीत आणि कॉइल धातूच्या तळाला किंवा भिंतीला कुठेही टेकत नाही ना, ते पाहावे. मग कापूस न घालता कमी वॅटवर क्षणभर बटण दाबावे. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला सारखी लाल झाली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर थंड झाल्यावर चिमट्याने वेढे सारखे करावेत. निकेल व टिटॅनियमच्या तारा मात्र अशा कोरड्या लाल करू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या एका मित्राला दुकानदाराने हौसेने दुहेरी कॉइल बसवून दिली. मी मीटर लावला तर रोध ०.१५ ओहम! शाळेतला ओहमचा नियम आठवा. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब ४.२ व्होल्ट; त्याला ०.१५ ने भागले की २८ अँपिअर. त्याची बॅटरी होती २० अँपिअरची आणि यंत्रात संरक्षक चिपही नव्हती. अशी बॅटरी तापून फुटू शकते, आणि ती तोंडापासून वीतभर अंतरावर असते. तेच ०.८ ओहमला विद्युतप्रवाह जेमतेम सव्वापाच अँपिअर होतो. तेव्हा चिप असलेलेच यंत्र घ्या आणि प्रत्येक नवी कॉइल मीटरवर मोजा. बॅटरीचे वेष्टन फाटले असेल तर ती वापरू नका. सुट्या बॅटऱ्या किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात न ठेवता प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय असे:

१. जळका ठसका लागतो : कापूस फार ठासला आहे किंवा वॅट जास्त आहेत. वात ओढताना किंचित अडावी, पण तार वाकू नये. नव्या वातीवर थेंब-थेंब द्रव टाकून पाच मिनिटे थांबा. जळका वास येत असताना ओढत राहू नका. अति तापलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात.

२. टाकी गळते : कापूस कमी पडला आहे, द्रवाची छिद्रे नीट झाकलेली नाहीत किंवा रबरी कडी झिजली आहे.

३. रोधाचा आकडा सारखा बदलतो : स्क्रू सैल आहेत. थंड झाल्यावर आवळा.

४. यंत्र अॅटोमायझर ओळखत नाही : खालची जोडणी कोरड्या कापडाने पुसा.

५. तापमान-नियंत्रण चालत नाही : कँथलचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून ती त्यासाठी निरुपयोगी. एसएस ३१६ तार घ्या.

आता थोडे पैशांविषयी. पाच तयार कॉइलचे पाकीट साधारण १० ते १५ पौंडांना पडते. दहा मीटर कँथल चार-पाच पौंडांत मिळते आणि त्यात शंभरावर कॉइल होतात. मी रोज दहा सिगारेटी ओढत असे. वीसच्या पाकिटाला १५ पौंड धरले तरी वर्षाला २,७०० पौंडांचा धूर. आता सगळे धरून महिन्याला २५ पौंडांच्या आत भागते. मात्र १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटर द्रवावर २ पौंड २० पेन्स कर जाहीर झालेला आहे, तोही हिशेबात धरावा.

भारतात जाणाऱ्यांना खास सूचना. तिथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या आयातीवरही बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. यंत्र इथेच ठेवा आणि निकोटिनचे च्युइंगगम बरोबर घ्या.

शेवटी, निकोटिनचे द्रव विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपातच हवी. आणि कॉइल उत्तम वळता येणे हे काही ध्येय नव्हे. निकोटिनचे प्रमाण हळूहळू उतरवत आणा, धूम्रपान सोडवणाऱ्या सरकारी सेवेची मदत घ्या आणि एक दिवस तार, कापूस, चिमटा सगळेच कपाटात टाका. मी २० मिलिग्रॅमवरून ३ वर आलो आहे. उरलेले तीनही जातील.